फोन गेला, सिम चालू राहिलं

सुलभाकाकू हे त्यांचं खरं नाव नाही. बँक, मोबाईल कंपनी आणि पोलीस ठाणं यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. वेळा आणि रकमा मात्र आहेत तशा ठेवल्यात, कारण हे सगळं प्रकरण वेळेचंच आहे.

पार्श्वभूमी

काकू 54 वर्षांच्या. भांडुपला आमच्याच मजल्यावर राहतात, फोर्टमधल्या एका कचेरीत हिशेबाचं काम करतात. काकांना जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा पुण्याला. मी एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे, त्यामुळे इमारतीत कुणाचा प्रिंटर अडला की आमचीच बेल वाजते.

काकूंच्या फोनची मांडणी आधी सांगतो, पुढचं त्यावरूनच घडलं. अँड्रॉइड फोन, स्क्रीनला पॅटर्न लॉक होतं. पण गाडीत मालिका बघताना स्क्रीन सारखी बंद पडते म्हणून ती बंद होण्याची वेळ दहा मिनिटांवर नेलेली. कव्हरच्या मागे डेबिट कार्ड आणि दोनशेची एक घडी केलेली नोट. हे मुंबईत निम्म्या बायका करतात, आणि पुरुषही. गर्दीत पर्स उघडायला नको म्हणून. लोकलचा पास फोनमध्येच. नंबर काकांच्या नावावर, कारण 2009 साली दोन्ही सिमं काकांनीच घेतली होती. तोच नंबर बँकेत, आधारला, गॅसला, सगळीकडे. बँकेचे मेसेज फक्त एसएमएसने, ईमेल कधी दिलेलाच नव्हता.

यातली एकही गोष्ट वेडेपणाची नाही. एकेक सोय बघितली तर शहाणपणाचीच वाटते.

त्या संध्याकाळी

बुधवार, संध्याकाळचे 7 वाजून 10 मिनिटं. सीएसएमटीहून निघालेली स्लो, लेडीज फर्स्ट नव्हे, साधा लेडीज डबा. काकू दाराजवळच्या खांबाला धरून उभ्या. सायन सोडल्यावर गाडी सिग्नलला रेंगाळली आणि रुळांच्या कडेने काठी आली. मनगटावर फटका बसला, फोन खाली. रेल्वेवाले याला फटका गँग म्हणतात. हातातून हिसकावत नाहीत, हातावर मारतात आणि पडलेलं उचलतात.

काकूंनी दाराबाहेर झेप घेतलीच होती. मागच्या एका मुलीने त्यांचा पदर आणि दंड दोन्ही धरून ओढलं. या प्रकरणातला सगळ्यात बरोबर निर्णय तो, आणि तो काकूंचा नव्हता.

डब्यातल्या कुणीतरी आपल्या फोनवरून काकूंचा नंबर लावला. दोनदा वाजला, मग बंद. आता घरी कुणाला तरी कळवायचं, पण कुणाचा नंबर पाठ? काकूंना स्वतःचा नंबर पाठ होता आणि घरच्या लँडलाइनचा, जी चार वर्षांपूर्वीच काढून टाकली. मुलाचा नंबर फोनमध्ये, माझाही फोनमध्ये.

कुर्ल्याला उतरून त्या लोहमार्ग पोलिसांकडे गेल्या. तिथे अर्धा तास थांबल्यावर विचारणा झाली, एफआयआर करायचा की गहाळ झाल्याची नोंद? एफआयआरला वेळ लागेल, हद्द सायनची की कुर्ल्याची तेही बघावं लागेल. गहाळची नोंद लगेच मिळेल, सिम काढायला तेवढी पुरते. मनगट सुजलेलं, घरी दूध तापवायचं राहिलेलं, रात्र होत चाललेली. काकूंनी गहाळ लिहून घेतलं. बारीकसा कागद. तो पुढे दोन महिने आमच्या मानगुटीवर बसला.

8 वाजून 50 मिनिटांनी आमची बेल वाजली. “अरे, माझा फोन गेला रे. पासही त्यातच होता, कुर्ल्यापासून भांडुपपर्यंत विदाउट तिकीट आले. टीसीने धरलं असतं तर काय सांगितलं असतं?”

त्या क्षणी त्यांना सगळ्यात जास्त भीती टीसीची वाटत होती.

माझी चूक

मी लॅपटॉप उघडला आणि त्यांचं गुगल खातं उघडायला बसलो. फोन कुठे आहे ते नकाशावर बघू, दुरून लॉक करू, जमलं तर पुसून टाकू. काम आयटीचं असलं की हात आपोआप तिकडेच जातो.

काकूंना पासवर्ड आठवत नव्हता. “पासवर्ड विसरलात?” वर गेलो, तर कोड पाठवणार कुठे? त्याच नंबरवर. किल्ली कुलपाच्या आत. अँड्रॉइडमध्ये नुसता नंबर टाकून फोन दुरून लॉक करायची सोय आहे, पण ती आधी चालू करून ठेवावी लागते आणि फोनला नेट असावं लागतं. इथे दोन्ही नव्हतं. मी तरी पंचवीस मिनिटं झटत राहिलो. तीनदा सुरक्षा प्रश्न, दोनदा “थोड्या वेळाने प्रयत्न करा”.

तेवढ्यात काकू सहज म्हणाल्या, “कार्डही त्यातच होतं, कव्हरमागे.”

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही हँडसेटच्या मागे लागलो होतो. हँडसेट 13 हजारांचा, दोन वर्षं वापरलेला. चोराला तो हवाच असतो, पण त्या तासाभरात त्याच्या हाती खरी मौल्यवान वस्तू होती नखाएवढी: सिम. आणि तिच्या जोडीला कार्ड.

चोराने काय केलं

हे आम्हाला नंतर बँकेच्या नोंदींवरून जुळवता आलं. फोन उघडाच हाती लागला होता, पण त्याची गरजही पडली नसावी. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं. सिमला पिन नव्हता, त्यामुळे ते तिथे निमूटपणे चालू झालं.

यूपीआयचं अॅप नव्या फोनवर चालू करताना त्या सिमवरून एक एसएमएस जातो. त्यावरून बँक ओळखते की हा नंबर या खात्याचा. मग यूपीआय पिन नव्याने ठेवायला लागतं काय? डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी. काही बँका एटीएम पिनही विचारतात, काकूंची विचारत नव्हती. आकडे कार्डावर छापलेले, ओटीपी सिमवर येतो. दोन्ही एकाच कव्हरमध्ये होतं. घराची आणि तिजोरीची किल्ली एकाच जुडग्यात बांधावी तसं.

8:22 ला 3,000 रुपये, 8:26 ला 1,990. तिथेच थांबलं, कारण नव्या फोनवर यूपीआय चालू केलं की पहिल्या 24 तासांत 5 हजारांची मर्यादा असते. ती कुणी बसवली असेल त्याला काकूंतर्फे एक नमस्कार.

मग कार्ड. टॅप करून पैसे देण्याची सोय चालू होती. 1 जानेवारी 2021 पासून पिन न टाकता एका वेळी 5 हजारांपर्यंत टॅप करता येतं. 8:40 ला मोबाईलचं सामान विकणाऱ्या दुकानात 3,200. आणि 9:19 ला पेट्रोल पंपावर 1,850.

एकूण 10,040. या सगळ्यांचे मेसेज वेळच्या वेळी आले. चोराच्या हातातल्या सिमवर.

शेवटचा आकडा माझ्या खात्यावर लिहावा लागेल. बेल वाजल्याबरोबर कार्ड बंद केलं असतं तर 9:19 चा व्यवहार झालाच नसता. मी तेव्हा गुगलला काकूंच्या पहिल्या शाळेचं नाव सांगत होतो.

पर्याय आणि क्रम

9:15 ला लॅपटॉप बंद केला आणि समोर काय काय बंद करता येईल ते मोजलं. सिम, कार्ड, यूपीआय, अख्खं खातं, हँडसेट, आधार.

अख्खं खातं गोठवायचा विचार आला. काकू नको म्हणाल्या. दोन दिवसांनी एलआयसीचा हप्ता खात्यातून जाणार होता आणि पगारही त्याच आठवड्यात यायचा होता. मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. सिम, कार्ड आणि यूपीआय बंद झालं की बाहेरून आत यायला वाटच राहत नव्हती.

आधारची काळजी वेगळी. फोनच्या गॅलरीत आधारकार्डाचा फोटो होता. आधार नंबर आणि त्याला जोडलेलं सिम एका हाती आलं की आधारचा ओटीपीही त्या हाती जातो. आधार लॉक करायचं म्हटलं तर त्यालाही नोंदलेल्या नंबरवरचा ओटीपी लागतो. म्हणजे तेही सिमपाशीच अडलं. सिम बंद केलं की मात्र हे सगळे ओटीपी एकदम मुके होतात.

म्हणून आधी सिम. माझ्या बायकोचा नंबर त्याच कंपनीचा, तिच्या फोनवरून कंपनीचा तक्रारीचा नंबर 198 लावला. पलीकडच्या मुलीने खातेदाराचं नाव आणि जन्मतारीख विचारली. काकूंनी काकांची जन्मतारीख सांगितली, एकदाच आवाज हलला. 9:28 ला सिम बंद.

9:30 ला बँक. कार्ड आणि यूपीआय 9:41 ला बंद झालं, आणि तिथेच शेवटचे चार व्यवहार वाचून दाखवले गेले तेव्हा पैसे गेल्याचं पहिल्यांदा कळलं. 9:50 ला 1930. सायबर फसवणुकीचा हा नंबर लवकर लावला तर पैसे पुढच्या खात्यात असतानाच रोखता येतात. तक्रार माझ्या नंबरवर नोंदवली, पोचपावतीचा मेसेज काकूंच्या नंबरवर जाऊन उपयोग नव्हता.

एकूण 35 मिनिटांत बाहेरची दारं बंद झाली. 8:50 ला सुरू केलं असतं तर 9:25. आणि काकूंनी कुर्ला स्टेशनवरूनच त्याच कंपनीच्या कुणाच्या तरी फोनवरून 198 लावला असता तर यूपीआयने कदाचित एक पैसाही गेला नसता. सिमची बारी आधी, पोलीस नंतर, हा क्रम मला त्या दिवशी कळला. पोलीस ठाणं रात्रभर उघडं असतं.

नंबर परत घ्यायचा की सोडायचा

दुसऱ्या दिवशी डुप्लिकेट सिम घ्यायला गेलो आणि भिंत लागली. नंबर ज्यांच्या नावावर त्यांनी स्वतः यायला हवं. ते तीन वर्षांपूर्वीच गेलेले.

मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, आई, नवा नंबर घे आणि सगळीकडे बदल. सोपं वाटतं. पण सोडलेला नंबर कायमचा मरत नाही. बंद झाल्यावर किमान 90 दिवस तो पडून राहतो आणि मग दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो. काकूंना गॅस, विमा, कचेरी, जुन्या दोन ठेवी आणि आणखी कुठे कुठे तो दिलाय हे आठवत नव्हतं. तीन महिन्यांनी एखाद्या अनोळखी माणसाला त्यांचे ओटीपी येऊ लागले असते, आणि तो चोरही नसता.

उलट बाजूने, नंबर परत घ्यायचा तर मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा, मुलाचं ना हरकत पत्र, काकूंच्या नावाने नवी केवायसी. मी मधला मार्ग सुचवला: बँकेत तात्पुरता नवा नंबर शाखेत जाऊन नोंदवायचा, आणि जुना नंबर वारसाने काकूंच्या नावावर करून घ्यायचा. तसंच केलं. दुकानात तीन खेपा, नऊ दिवस.

दहाव्या दिवशी सिम चालू झालं. फोन लागला, व्हॉट्सअॅप मात्र येईना, कुठलाच ओटीपी येईना. काकू घाबरल्या, परत काही झालं की काय. झालं नव्हतं. सिम बदललं की 24 तास एसएमएस बंद ठेवतात, जेणेकरून दुसऱ्याच्या नावाने डुप्लिकेट सिम काढणाऱ्याला लगेच ओटीपी मिळू नये. चोरासाठी लावलेलं कुलूप, एक दिवस आम्हीही बाहेर.

हँडसेट आणि शिलाईचा डबा

फोन सापडो न सापडो, निदान तो कुणाला वापरता येऊ नये म्हणून संचार साथी या सरकारी पोर्टलवर सीईआयआरमध्ये, म्हणजे हँडसेटच्या केंद्रीय नोंदवहीत, बंद करायचा होता. मे 2023 पासून ही सोय देशभर खुली आहे. आयएमईआय नंबर, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक, द्यायचा, पोलिसांचा कागद जोडायचा, की तो हँडसेट भारतातल्या कुठल्याही नेटवर्कवर चालत नाही.

आयएमईआय *#06# दाबून बघता येतो, पण फोन हातात असताना. उरला खोका. काकूंनी माळ्यावरून तो काढला: आत बटणं, रिळं, हूक आणि एक मोडकी कात्री. खोक्याच्या कडेला दोन्ही आयएमईआय छापलेले. खोका फेकला नाही याबद्दल त्या दिवशी काकूंचा उर भरून आला.

पण पोर्टललाही ओटीपी हवा होता, आणि तो डुप्लिकेट सिमवर. म्हणून हे काम बाराव्या दिवशी झालं. नंतर कळलं की पोलिसांनाही आपल्या बाजूने सीईआयआरवर ही नोंद टाकता येते. आम्ही विचारलंच नाही. विचारलं असतं तर पहिल्याच आठवड्यात झालं असतं.

‘गहाळ’ या शब्दाची किंमत

बँकेत लेखी तक्रार दिली. उत्तर आलं: ग्राहकाचा फोन आणि कार्ड ‘गहाळ’ झाले, म्हणजे ग्राहकाचा निष्काळजीपणा, म्हणून जबाबदारी ग्राहकाची. पुरावा? आमचाच कागद.

त्या शनिवारी काकू आणि मी परत पोलिसांकडे गेलो. सुजलेल्या मनगटाचा डॉक्टरांचा कागद बरोबर होता. भारतीय न्याय संहितेत, जी 1 जुलै 2024 पासून लागू झाली, हिसकावून नेणं हा कलम 304 खाली वेगळा गुन्हा आहे. आणि हद्द कुणाची हा प्रश्न तक्रारदाराने सोडवायचा नसतो, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. हे सगळं मी घरून पाठ करून गेलो होतो, पण लागलं नाही. ड्युटीवरच्या हवालदारांनी मनगट बघितलं आणि म्हणाले, “हे गहाळ कसं लिहिलं कुणी?” एफआयआर झाला.

तो जोडून बँकेला पुन्हा लिहिलं. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकावर बोट ठेवलं: ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. काकूंनी पिन कुणाला सांगितला नाही, ओटीपी दिला नाही, आणि तीन कामाच्या दिवसांच्या आत कळवलं. 30 दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो.

निकाल

टॅपचे दोन्ही व्यवहार, 5,050 रुपये, बँकेने परत केले. यूपीआयचे 4,990 नाही, कारण कार्डाचे आकडे आणि ओटीपी बरोबर होते. त्यातले 2,990 रुपये 1930 च्या तक्रारीमुळे पुढच्या खात्यात अडकवले गेले. हे लिहीपर्यंत सहा महिने झाले, ते अडकलेलेच आहेत. फोन सापडलेला नाही.

लोकपालापुढे जायला माझी संमती होती, पण खरं सांगायचं तर 4,990 साठी आम्ही जेवढे कागद जमवले त्यांचे झेरॉक्स आणि रिक्षा यांची बेरीज केली तर काकू हिशेबाच्या माणूस असूनही ती करू नका म्हणाल्या.

आता वेगळं काय करतो

मुलाने पुण्याहून आईला 300 रुपयांचं रेडिओलहरी अडवणारं कार्डाचं पाकीट पाठवलं. दिसायला छान आहे. पण कार्डातले पैसे कुणी हवेतून ओढले नव्हते, कार्डच त्याच्या हातात गेलं होतं. मी काही बोललो नाही. त्यापेक्षा लेडीज डब्यात 60 रुपयांना मिळते ती फोनची गळ्यात घालायची दोरी बरी, असं वाटायचं, मग विचार आला की फटका बसल्यावर फोनबरोबर मानही खेचली जाईल. दोरी नको. दारात फोन नको, एवढंच पुरे.

कार्ड आता पर्सच्या आतल्या कप्प्यात, टॅपची सोय बँकेच्या अॅपमधून बंद. ईमेलवर बँकेचे मेसेज येतात. मुलाचा आणि माझा नंबर काकूंनी पाठ केलाय, रोज पूजेनंतर एकदा म्हणतात. स्क्रीन तीस सेकंदांत बंद होते, त्यावर मात्र कुरकुर चालू आहे.

ई-सिमचाही विचार झाला होता. ते फोनमधून काढून दुसरीकडे घालता येत नाही, म्हणजे ही चोरी अशी झालीच नसती. पण काकूंच्या नव्या स्वस्तातल्या फोनला ते चालत नाही. म्हणून सिमला पिन लावला. फोन नव्याने चालू केला किंवा सिम दुसऱ्या हँडसेटमध्ये घातलं की आधी हा पिन मागतं. लावायच्या आधी कंपनीचा मूळ पिन खात्री करून घ्यावा लागतो, अंदाजाने टाकायचा नाही. तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे अडलेलं सिम उघडायचा कंपनीचा आठ आकडी कोड लागतो, आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं गेलं. हे मी काकूंना दोनदा समजावलं, कागदावर लिहूनही दिलं.

तीन आठवड्यांनी फोनने रात्री आपलं अपडेट घेतलं, सकाळी नव्याने चालू झाला आणि पिन मागितला. काकूंनी एटीएमचा पिन टाकला. मग तोच परत, जरा जोरात दाबून. मग काकांचं जन्मसाल.

सात वाजता बेल. “तुझ्या कुलपाने मलाच बाहेर काढलं की रे.”

पीयूकेचा कागद कुठे ठेवला ते त्यांना आठवेना. मी माळ्यावरचा खोका उतरवला. बटणांच्या खाली होता.